काळ्यांची पहिली चाल

आपल्याहून बळकट खेळाडूसमोर काळे मोहरे आले की दोन प्रकारचे सल्लागार भेटतात. पहिला म्हणतो, बेधडक सिसिलियन खेळा, धुरळा उडवा. तो स्वतः कोणासमोर धुरळा उडवताना कधी दिसत नाही. इतरांचा राजा पणाला लावायला त्याला आवडतं. दुसरा म्हणतो, दार लावून बसा. मी दुसऱ्याचं ऐकलं. स्पर्धेची जोडी आठ दिवस आधी ग्रुपवर आली, तेव्हापासून रोज शाळेत शिकवून आल्यावर फ्रेंच बचाव मांडून बसत होतो. समोरच्याने राजापुढचं प्यादं दोन घरं टाकलं की आपण आपलं एकच घर सरकवायचं. त्यात आपला एक उंट घरात कोंडला जातो आणि डाव कंटाळवाणा होतो, पण भिंत उभी राहते. मला बरोबरी हवी होती, अर्धा गुण.

तो हवा होता धाड गावच्या चाचांकडून. चाचा गाद्या भरतात. अकरा वर्षं मी रविवारी बुलढाण्याहून जीपने त्यांच्या दुकानात जातो, कापसाच्या ढिगाशेजारी पट मांडतो आणि हरून परत येतो. एकदाही बरोबरी नाही. आता खामगावच्या स्पर्धेत, पहिल्याच फेरीत, पहिल्या पटावर ते माझ्यासमोर होते.

उद्घाटक दोन तास उशिरा आले. मागच्या फलकावर बुद्धिबळाचा घोडा अंगठ्याएवढा होता आणि उद्घाटकांचा फोटो दाराएवढा. शाल, नारळ, दिवा, मग भाषण. आयुष्य म्हणजे बुद्धिबळ, हे त्या भाषणात तीनदा आलं. बुद्धिबळ एकदाही आलं नाही. मग पहिली चाल करण्याचा मान. ही रीत मला माहीत होती. पाहुणे पांढऱ्यांचं एक प्यादं ढकलतात, फोटो निघतो, पाहुणे जातात आणि माणसं खेळायला लागतात.

पण फलक माझ्या खुर्चीमागे होता. फोटोत फलक यायलाच हवा. संयोजकांनी मला दंडाला धरून उठवलं आणि उद्घाटक साहेबांना माझ्या खुर्चीत बसवलं. साहेबांनी पटाकडे पाहिलं, राजाच्या बाजूच्या घोड्यापुढचं काळं प्यादं उचललं आणि दोन घरं पुढे ठेवलं. टाळ्या. माझ्या राजाच्या अंगणाचं कुंपण पांढऱ्यांची एकही चाल होण्याआधी उपटलं गेलं होतं.

मी वाकून प्यादं मागे घ्यायला हात घातला. संयोजक कानाशी आले.

"राहू द्या सर. व्हिडिओ चालू हाय."

"पंचसाहेब, पयले पांढरे चालतेत ना?" चाचा म्हणाले.

पंचांनी साहेबांकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, मग छताकडे.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"काही नाही साहेब. जोरदार चाल," संयोजक म्हणाले.

"आक्रमकच खेळलं पाहिजे," साहेब मला म्हणाले. "मी सुरुवात करून दिली. आता पुढं तुम्ही पाहा. मी थांबतो दोन मिनिटं."

"मास्तर, मांगं ठेवा ते," चाचा म्हणाले. "मले नाही पाह्यजे असा डाव."

पंचांना वाट सापडली. "सरांची काही हरकत आहे का?"

सगळा हॉल माझ्याकडे बघत होता. शिक्षकांच्या खोलीत अशा समारंभांच्या नकला करून लोकांना हसवणारा माणूस मी. पांढरे आधी चालतात, एवढं तीन शब्दांचं वाक्य होतं आणि ते चाचांनी बोलूनही दाखवलं होतं.

"नाही," मी म्हणालो. "असू द्या."

साहेब दोन मिनिटंही थांबले नाहीत.

चाचांनी मला मुळीच सोडलं नाही, आणि ते बरोबरच होतं. ते पुढे गेलेलं प्यादं वाचवायला मला दुसरं प्यादं हलवावं लागलं, त्यामागे उंट, आणि भिंत बांधायला हातात वेळच उरला नाही. चोविसाव्या चालीला माझ्या राजाला जायला घर नव्हतं. नेहमी डाव संपला की चाचा मोहरे पुन्हा मांडून चूक कुठे झाली ते दाखवतात. त्या दिवशी त्यांनी मोहरे तसेच पेटीत लोटले. चाली लिहायच्या कागदावर काळ्यांची पहिली चाल माझ्याच अक्षरात होती. खाली मी सही केली.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. साहेबांचा हात काळ्या प्याद्यावर, समोर पांढरे सोळाच्या सोळा जागच्या जागी. फोटो पाहून कोणीही काही विचारलं नाही.

त्याच संध्याकाळी स्पर्धा संपल्यावर परतीच्या एसटीत आम्ही शेजारी बसलो होतो. बोथ्याचा घाट लागला तेव्हा चाचा माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "काऊन बोलले नाही हो?"

"साहेब समोर होते."

"मी बी तं समोरच होतो." ते खिडकीतून बाहेर बघत राहिले. "तुमी काई तरी नवं शिकून आलते. बसल्या बसल्या वळखलं मी. मले तो डाव पाह्याचा होता."

मी म्हणालो, रविवारी येतो, तेव्हा खेळू.

"रविवारी दुकान बंद हाय," चाचा म्हणाले.

अकरा वर्षांत रविवारी ते दुकान कधी बंद नव्हतं. यावरही मी काही बोललो नाही.