मुठीतला सेन्सर

समजा, तुम्ही सासऱ्यांच्या जेवणघरात फरशीवर पालथे पडला आहात. समोर वाइनचा छोटा फ्रिज, भिंतीपासून हातभर पुढे ओढलेला, मागचं पत्र्याचं झाकण काढलेलं. दारावरचा आकडा म्हणतोय आत बावीस अंश आहेत, आणि आतल्या बाटल्या बोटं आखडतील इतक्या गार. मशीन घटकाभर दम घ्यायला तयार नाही. तुम्ही फक्त खोटं कोण बोलतंय ते शोधायचं. डोक्यावर टॉर्च धरून सासरे उभे आहेत. सोपं वाटतंय ना? बर्फ्यालाही वाटलं होतं.

बर्फ्या हे त्याचं कामावरचं नाव. अकरा वर्षं तो शीतगृहात मशिनांची देखभाल करतोय. उणे वीस अंशांच्या खोल्यांतून बाहेर आला की भुवयांवर पांढरी भुकटी असते, म्हणून बर्फ्या. नवीन आलेल्या पोरांना तो पहिल्याच दिवशी सांगतो, "मशीन कधी खोटं बोलत नाही, बघणारा चुकतो." हे वाक्य त्याला स्वतःचं म्हणून फार आवडतं.

त्याचे सासरे कारखान्यात एकतीस वर्षं तपासनीस होते. सुटा भाग हातात घेऊन उलटसुलट करायचे, केसाएवढा ओरखडा दिसला की लाल पेटीत टाकायचे. लग्न ठरताना त्यांनी बर्फ्यालाही असाच उलटसुलट करून पाहिला होता. लाल पेटीत टाकला नाही, पण पास केल्याचंही बोलले नाहीत. त्याला चार वर्षं झाली. बर्फ्या अजून शिक्क्याची वाट बघतोय.

निवृत्तीनंतर सासऱ्यांना वाइनचा नाद लागला, पिण्यापेक्षा जपण्याचा जास्त. अठरा बाटल्या, प्रत्येकीच्या गळ्यात तारखेची चिठ्ठी, बरोबर बारा अंशांवर. फ्रिजच्या कुशीवर कंपनीच्या मेकॅनिकचा नंबर चिकटवलेला होता आणि वॉरंटी संपायला अजून आठ महिने होते. तरी बिघाड झाल्यावर त्यांनी फोन केला तो जावयाला. बर्फ्याची छाती फुगली. "बाबांनी मला बोलावलंय," हे त्याने बायकोला तीनदा सांगितलं.

"ऐकलं रे," ती म्हणाली. "आता नीट करून ये म्हणजे झालं."

पहिल्या रविवारी त्याने तापमानाचा सेन्सर ओढून काढला. मटाराएवढा काळा मणी, दोन वायरींच्या टोकाला. गारव्यात त्याचा विद्युतरोध चढतो, उबेत उतरतो. बर्फ्याने मणी मुठीत घट्ट धरला, वायरींना मीटर लावला. थंड फ्रिजमधून काढलेला मणी, मीटरवर पंचवीस किलो-ओहमच्या आसपास यायला हवं होतं. आले सात.

"गेला," बर्फ्या डॉक्टरच्या आवाजात म्हणाला आणि नवा बसवला. दारावरचा आकडा बावीसच.

दुसऱ्या रविवारी आणलेला सेन्सर त्याने बसवण्याआधीच तपासला. सात. त्याने तिथूनच दुकानदाराला फैलावर घेतलं. "माल काय भंगारातून काढता का हो?"

"साहेब, तुमच्याशिवाय कोणाची तक्रार नाही," दुकानदार म्हणाला.

तिसऱ्या रविवारी तो वेगवेगळ्या दुकानांतून चार सेन्सर घेऊन आला. चारही सात. घाम फुटला. त्यात सासऱ्यांचा टॉर्च याही रविवारी एका जागी ठरेना. बर्फ्या वर काम करतोय आणि उजेड आपला खालच्या कोपऱ्यात, पाणी साचायच्या ट्रेपाशी.

"बाबा, उजेड इकडे!"

"हो, हो." उजेड वर आला, आणि जरा वेळाने पुन्हा खाली घसरला.

टेबलाशी शब्दकोडं सोडवत बसलेल्या सासूबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. आयुष्यभर दवाखान्यात नर्स होत्या त्या.

"जावईबापू, ते काय धरलंय मुठीत?"

"सेन्सर आहे, आई. सगळे बिघडलेले निघाले."

"आणि तो काय मोजतो?"

"तापमान."

"कोणाचं?"

बर्फ्याने मूठ उघडून मण्याकडे पाहिलं.

"आम्ही थर्मामीटर काखेत ठेवायचो," सासूबाई म्हणाल्या, "तेव्हा ताप पेशंटचा कळायचा. खोलीचा नाही कळायचा." आणि पुन्हा कोड्यात शिरल्या.

अकरा वर्षं बर्फ्या शीतगृहात हेच मोजमाप असंच मुठीत धरून करत आला होता. पण तिथे हातात जाडजूड मोजे असतात. इथे, सासऱ्यांच्या उबदार जेवणघरात, मोकळ्या हाताने तो तीन रविवार स्वतःचाच ताप मोजत होता आणि साऱ्या गावच्या सेन्सरांना नापास करत होता.

त्याने निमूट पेल्यात बर्फाचा चुरा आणि पाणी घेतलं, मणी बुडवला, हात मागे घेतला. तीन मिनिटांत मीटर बत्तिसावर गेला. चोख. दुसरा, तोही चोख. पहिल्या रविवारी काढलेला मूळ सेन्सरसुद्धा, जो सासूबाईंनी खिळ्यांच्या डब्यात जपून ठेवला होता, तो सगळ्यात चोख.

म्हणजे खोट वायरीत. तो वायरीवरून बोट फिरवत खाली खाली गेला आणि ट्रेच्या वर, अगदी कोपऱ्यात, थांबला. काळ्या टेपने गुंडाळलेला एक जोड. टेप सुटलेली, आत ओल. त्या ओलीतून करंट पळवाट काढत होता, मशीनला आत उकडतंय असं वाटत होतं आणि ते बिचारं जीव तोडून धावत होतं.

टेपची ती गचाळ गुंडाळी बर्फ्याने लगेच ओळखली. त्याचीच होती. चार महिन्यांपूर्वी फ्रिज या कोपऱ्यात सरकवताना त्याच्याच हातून वायर तुटली होती. कोणी बघत नाही असं पाहून त्याने नुसता पीळ घालून टेप लावली होती. तात्पुरती. पुढच्या वेळी नीट करू म्हणून, आणि मग विसरूनही गेला.

आत्ताही गुपचूप करता आलं असतं. सांगायचं, कारखान्यातलाच दोष होता. शिक्का मिळालाही असता. बर्फ्याने मान वर केली. टॉर्च स्थिर होता, थेट जोडावर.

"बाबा, हा जोड माझा आहे. वायर माझ्याकडून तुटली होती. सांगितलं नाही."

बर्फ्याने जोड कापला, कोरडा केला, कथिलाचा डाग दिला, वर रबरी नळी चढवली. फ्रिज लावला. आकडा बावीसवरून पाचावर आला आणि मशीन तीन आठवड्यांत पहिल्यांदा गप्प झालं.

सासरे वाकले. नवा जोड दोन बोटांत धरून उलटसुलट केला. "हं," म्हणाले. "आता झाकण लावा."

हा किस्सा बर्फ्या आता कामावर स्वतःच सांगतो, मुठीची नक्कल करून. पोरं पोट धरून हसतात. पण तो "हं" म्हणजे शिक्का होता का, हे तो कोणाला विचारत नाही. त्याला वेगळंच जाणून घ्यायचंय. केसाएवढा ओरखडा न सोडणारा माणूस, कंपनीचा नंबर डोळ्यांसमोर असताना तीन रविवार जावयालाच बोलावतो. त्याचा हात काय वयामुळे हलत होता, की तो टॉर्च पहिल्या रविवारपासून बरोबर जागीच पडत होता?