गुरुवारचा ऊद

मी भांडखोर बाई आहे, देवाशीसुद्धा भांडते. माझी गौरी पाच वर्षांची असताना तिला अशी धाप लागायची की बरगड्या मोजून घ्याव्यात. आम्ही बजाजनगरला राहतो. हे वाळूजच्या कंपनीत, बहुतेक सेकंड शिफ्टला. मग मीच तिला रिक्षात घालून शहरातल्या मुलांच्या दवाखान्यात, थेट इमर्जन्सीत न्यायची. मशीनची वाफ दिली की पोरगी खेळायला लागायची, आणि मी घरी येऊन दत्ताला विचारायची, एवढी सेवा करते तरी तू असा का? तिथल्या सिस्टर मला चांगल्या ओळखायला लागल्या होत्या. "आज गुरुवार, म्हटलं गौरीची आई अजून कशी आली नाही," असं एकजण हसत म्हणाली, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सेवा म्हणजे गुरुवारचा उपवास आणि तिन्हीसांजेला तसबिरीपुढं ऊद. गौरीच्या श्वासासाठीच तो नेम धरला होता. धुपाटण्यात निखारे, वर मूठभर ऊद, ते घरभर फिरवायचं आणि शेवटी तिच्या अंथरुणावरून ओवाळायचं. डास येतात म्हणून खिडक्या लावलेल्या. डॉक्टरांनी रोज घ्यायला पंप दिला होता, पण त्याची सवय लागते असं शेजारणी म्हणाल्या, म्हणून तो कपाटात पडून. "घरात धूर होतो का?" असंही डॉक्टरांनी विचारलं होतं. मी ठणकावून नाही म्हटलं. धूर चुलीचा, नाहीतर बिडीचा. देवापुढचा ऊद त्यात धरायचा असतो, हे माझ्या मनालाही शिवलं नाही.

एका गुरुवारी मात्र तिचे ओठ निळे पडले. वाफेनंही उतार पडेना, तेव्हा डॉक्टरांनी ठेवूनच घेतलं. शेजारच्या खाटेवर पैठणकडची एक मेंढपाळ म्हातारी नातीला घेऊन बसली होती. माझ्याकडं बघत म्हणाली, "बाई, तुझ्या पदराला उदाचा वास लई येतोय."

"गुरुवार आहे ना मावशी. हिच्यासाठीच घालते."

"आन् पोरगी बी गुरुवारीच धापती म्हन. मघाशी ती सिस्टर म्हनत व्हती. कोकराला धाप लागली तर आमी मेंढरांच्या वाड्याजवळ काडी बी पेटवीत नाय. देवाला नाक हाय का नाय, मला ठावं नाय. पोरीला हाय."

खरं सांगते, आधी मला रागच आला. ही कोण मला देव शिकवणारी? मग गौरीच्या छातीचा भाता पाहिला. माझ्या लेकराचा जीव मीच कोंडत होते. तशीच उठून डॉक्टरांना उदाचं, पंपाचं, सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, पंप कसा द्यायचा ते पुन्हा नीट दाखवलं. सकाळी गौरी मोकळा श्वास घेत झोपली होती. मी म्हातारीच्या पाया पडले, तर ती म्हणाली, "ऊठ ऊठ, त्यापरीस चहा आन."

पुढच्या गुरुवारी धुपाटणं माळ्यावर टाकलं. खिडक्या उघडल्या, नुसतं निरांजन लावलं आणि तसबिरीकडं बघत बसले. नेम मोडला, आता देव काय करतो? त्यानं काही केलं नाही. गौरी भिंतीवर खडूनं रेघोट्या ओढत राहिली.

धाप अजूनही लागते, पावसाळ्यात एकदा-दोनदा दवाखाना होतोच. पण सेवा माझ्या मनासारखीच झाली पाहिजे, हा हट्ट मी त्याच्या पायाशी ठेवला. माझ्या सगळ्या भांडणांचं उत्तर त्यानं त्या म्हातारीच्या तोंडून दिलं, असं मी मानते. कुणी हसलं तर हसू दे.

हल्ली गुरुवारची आरती गौरी म्हणते. सूर नाही, ताल नाही, पण शेवटची ओळ एका दमात अशी लांबवते की शेजारच्या काकू भिंतीवर थापा मारतात. मी तिला गप्प करत नाही.