रस्त्याच्या अलीकडचा जामीन

देवाशपथ सांगतो, यातलं एक अक्षर खोटं नाही. म्हणजे, एखादं असेल. देवासला थोरल्या पातीच्या, म्हणजे थोरल्या राजाच्या, कचेरीत वीस वर्षं जामिनाचे अर्ज वाचून दाखवले. गोष्टी धुळीसारख्या साचतातच. आता नोकरी सुटली, तरी दहा वाजले की पाय तिकडेच वळतात.

आमचे न्यायाधीश रावसाहेब खुनी हल्ल्यात तीनच गोष्टी बघत: आरोपी पळेल का, साक्षीदाराला धमकावेल का, आणि जखमी वाचेल का.

एकदा धारेहून आलेल्या वकिलांनी तासभर कायदा सांगितला. मग रावसाहेबांनी जामीन राहणाऱ्या पाटलाला विचारलं, हा पळणार नाही कशावरून? पाटील म्हणाला, "सरकार, पाय मीच मोडलाय त्याचा." मंजूर!

दुसऱ्यांदा, कुऱ्हाडीचा घाव बसलेला म्हातारा डोक्याला फडकं बांधून स्वतःच जामीन राहायला आला. "चाळीस वर्षं रोज भांडतोय आम्ही. तो आत बसला तर माझा दिवस जात नाही."

आणि गणपत शिंपी. भांडणात शेजाऱ्याच्या पोटात कात्री खुपसलेली. शेजारी दवाखान्यात सुधारत होता, म्हणून जामीन मिळाला. अट एकच, संस्थानाची हद्द ओलांडायची नाही. पण देवास म्हणजे एक गाव, दोन राजे! हमरस्त्याची ही बाजू थोरल्या पातीची, ती धाकटीची. गणपतचं दुकान इकडे, घर समोर तिकडे. घरात बायको नुकतीच बाळंत झालेली. सव्वा महिना दार बंद; ती आणि बाळ उंबरा ओलांडणार नाहीत, आणि हा रस्ता.

मुलीला बघू द्या, असा त्यानं अर्ज केला. रावसाहेब म्हणाले, "पलीकडे माझा शिपाई त्याला धरू शकत नाही. बावीस पावलं असली तरी ते दुसरं राज्य." नामंजूर. त्या दिवसापासून मात्र ते कचेरीला मागच्या गल्लीनं येऊ लागले.

गणपत दुकानाच्या पायरीवर बसून अंदाजानं इवली अंगडी शिवायचा. सासू ती घेऊन जायची आणि येऊन सांगायची, बाही लांब झाली, गळा तंग होतो. असं करत करत न बघितलेली मुलगी त्याच्या हाताला ठाऊक झाली.

सव्वा महिना भरायला पाच दिवस असताना शेजारी वारला. गुन्हा खुनाचा झाला, जामीन रद्द. हुकूम घेऊन मीच गेलो. गणपतनं दोरा दातानं तोडला, अंगडं सासूच्या हातात दिलं. आमचा शिपाई हळूच म्हणाला, "चलो भिया, इधर से चलते हैं," आणि तुरुंगाची जवळची वाट सोडून त्याला घरासमोरून नेलं, हद्दीला अगदी लागून.

समोर दार उघडं होतं. उंबऱ्याच्या आत बायको मुलीला घेऊन उभी. गणपतनं एवढंच विचारलं, "बाही बसली का गं?"

सगळं खरं आहे. दार उघडं होतं, तेवढं माझ्या पदरचं.