बाबांनी पाडलेल्या खाचा

आज दुपारी बाबांची लेथ मशीन विकली. कुणाला तरी सांगावंसं वाटतंय, म्हणून इथे लिहिते.

उदगीरला आमचं छोटं वर्कशॉप आहे. दुष्काळात बोअर आटले, मोटारी नुसत्या पडून राहिल्या, त्यांचे शाफ्ट दुरुस्तीला घेऊन कोणी येईना. उदगीर नवा जिल्हा झाला की काम वाढेल, या आशेवर बाबा थांबले होते.

नांदेडहून आलेल्या माणसाने मशीनच्या बेडवरून, म्हणजे वरचा भाग ज्यावर सरकतो त्या लोखंडी पट्ट्यांवरून, बोट फिरवलं.

"काका, लई चरे पडलेत हो. घासून गुळगुळीत करून घेतो."

"चरे न्हाईत ते," बाबा म्हणाले. "मी हातानं पाडलेल्या खाचा हायत. गुळगुळीत केलं की तेल थांबत न्हाई, लोखंड लोखंडाला धरतं. खाचांत तेल ऱ्हातं, म्हणून तर वरचा भाग अजून अलगद सरकतो."

"हाव, पण मधल्या झिजून गेल्यात. नव्या कोण पाडून देतंय आता?"

बाबांचा उजवा हात मांडीवर होता. लकव्यानंतर तो तिथंच असतो.

"घासा मग," ते म्हणाले.

टेम्पो गेला. फरशीवर तेलाचा काळा डाग राहिला.

लकव्यानंतर मशीनला रोज मीच तेल द्यायचे. संध्याकाळी चहा घेताना बाबांनी नेहमीसारखं विचारलं, "तेल दिलंस का गं?"

मी म्हणाले, "हाव, बाबा."

त्यांनी मान हलवली आणि कप खाली ठेवला.

तुम्ही काय म्हणाला असतात?