दोरा दिसतो का?

कॉलेजात तास चालू असताना दाराशी माझा धाकटा भाऊ येऊन उभा राहिला. त्याच्या पायांत चपला नव्हत्या. तेवढ्यावरूनच मला कळलं. "दोड्डप्पा गेले," तो व्हरांड्यात म्हणाला, आणि आम्ही दोघे एका सायकलवर बळेपेटेतल्या घराकडे निघालो. थोरल्या काकांना आम्ही दोड्डप्पा म्हणत असू. आमची कितीतरी पिढ्यांची घरं बेंगळुरातलीच. बोलणं मराठी, पण शेजारच्या कानडी घरांतून नाती अशी आमच्या तोंडात येऊन बसली आहेत. दोड्डप्पा शिंपी होते. वडील लवकर गेल्यावर त्यांनीच आम्हाला वाढवलं, आणि घरातलं कोणीही कधी कॉलेजात गेलेलं नसताना मला मशीनवरून उठवून तिकडे पाठवलं. त्यांना जाऊन आता काही आठवडे झाले. परीक्षेच्या उत्तरांपलीकडे काही लिहायची मला सवय नाही. तरी लिहितो आहे... कारण घरात हे कोणाशी बोलता येत नाही.

मी लहान असताना व्हाइटफील्डचा एक म्हातारा साहेब त्यांच्याकडे कोट शिवायला यायचा. तो बरीच वर्षं मलायात रबराच्या मळ्यावर होता. एकदा मापाला येताना त्याने डब्यात लावलेलं एक रोप आणलं. दोनच पानं, बदकाच्या पावलासारखी फाटलेली. हा पाम मोठा झाला की त्याचे देठ लाखेसारखे लालभडक होतात, असं त्याने सांगितलं, आणि इथल्या थंडीत जगला तर मला बघायला बोलवा, असंही. पुढे साहेब वारला. रोप राहिलं. दोड्डप्पांनी लाल रंग आयुष्यभर कापडात पाहिला होता. झाडाच्या अंगावर तो आपोआप चढतो यावर त्यांचा विश्वास बसेना, आणि तो पाहिल्याशिवाय त्यांना राहवेनाही.

रोपाला मुळाशी सतत पाणी हवं होतं आणि अंगाला ऊब. दिवसा ते दुकानाच्या पायरीवर पाण्याच्या परातीत असे, संध्याकाळ झाली की इस्त्रीच्या निखाऱ्यांजवळ. पौषात गार वारा सुटला तेव्हा दोड्डप्पांनी उरलेल्या फ्लॅनेलचं, चहाच्या किटलीवर घालतात तसलं टोपडं त्याला शिवलं. पुढच्या वर्षी ते पुरेना, म्हणून झबलं. मग अस्तर लावलेला कोट. झाड गुडघ्याएवढं झालं, कमरेएवढं झालं, आणि दर हिवाळ्याआधी दोड्डप्पा गळ्यात टेप अडकवून त्याचं माप घेत राहिले. दोड्डम्मा, आमची थोरली काकू, स्वयंपाकघरातून ओरडायची, "पोरांच्या सदऱ्यांना बटणं नाहीत, आणि झाडाला कोट!"

"पोरं बोंबलून सांगतात थंडी वाजते म्हणून," ते म्हणायचे. "हे कुठे सांगतं?"

दुकानाच्या छताला पानं लागायला लागली तेव्हा त्यांनी ते मागच्या अंगणात न्हाणीघराच्या भिंतीला लागून लावलं. आत पाण्याचा हंडा तापायचा, त्यामुळे ती भिंत दुपारपर्यंत कोमट असे. तिथे त्याला मुळापासून आणखी दोन खोडं फुटली. सडपातळ, बांबूसारखी कांड्यांची, आणि वर पिसांसारखी पानं. पण देठ हिरवे ते हिरवेच. समोरच्या घरातले मारुतीअण्णा रोज कपडे घेऊन इस्त्रीला यायचे आणि रोज विचारायचे, "काय अण्णा, तुमचं लाल झाड अजून हिरवंच की!"

"सरी, असू दे मारुती, तुझे केस पिकायच्या आत होईल लाल."

"माझे पिकले की हो!"

"मिश्या राहिल्यात अजून."

कॉलेजात गेल्यावर मी लायब्ररीत त्या पामबद्दल शोधलं. एका पुस्तकात चारच ओळी सापडल्या: उष्ण, दलदलीच्या प्रदेशातलं झाड, थंडीत जगत नाही. मी घरी येऊन भीतभीत सांगितलं. दोड्डप्पा सुईत दोरा ओवत होते. "मग त्याला ते पुस्तक दाखवू नकोस," एवढंच म्हणाले.

गेल्या पावसाळ्यानंतर एका देठाच्या बुडाशी विटकरी छटा आली. मला ती कूज वाटली. दोड्डप्पांनी दुकानातली सगळी लाल रिळं ओंजळीत आणली आणि देठाला एकेक लावून पाहिलं. त्यांतल्या सगळ्यात गडद रिळाचा दोरा तोडून त्यांनी देठाभोवती बांधला. साहेबाने सांगितलेला लाल तो हाच, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. "हा दोरा दिसेनासा झाला," ते म्हणाले, "की झालं. मग मी मोकळा."

त्यानंतर छातीच्या दुखण्याने त्यांना अंथरुणात घातलं. अंगणापर्यंत चार पावलं जाववेना. उचलून नेतो म्हटलं तर ऐकायचे नाहीत. अर्धवट शिवलेला कपडा गिऱ्हाइकाला दाखवत नाहीत, तसं ते अर्धवट रंगाकडे बघायला तयार नव्हते. रोज संध्याकाळी मी झाडाला कोट घालून आत आलो की पलंगावरून विचारायचे, "दोरा दिसतो का रे?"

"दिसतो, दोड्डप्पा."

"किती?"

"स्वल्प."

ते डोळे मिटायचे. शेवटच्या संध्याकाळीही मी हेच सांगितलं. खरंच दिसत होता मला... पण गाठ कुठे आहे हे ठाऊक असलेल्या माणसाला ती दिसतेच. ज्याला ठाऊक नाही अशा कोणाला दिसली असती का? हा प्रश्न आता मला झोपू देत नाही.

आम्ही सायकलवरून उतरलो तेव्हा तिरडी तयार होती. आमच्याकडे बांबूंवर नारळाच्या हिरव्या झावळ्या अंथरतात. त्या दिवशी बाजार बंद होता, झावळ्या मिळेनात, आणि सूर्य मावळायच्या आत निघायला हवं होतं. मारुतीअण्णांनी कोयता घेतला होता. आमच्या पामची तिन्ही खोडं वरून छाटून त्यांनी ती पानं तिरडीवर अंथरली होती. "त्यांनी वाढवलेलं," ते माझा हात धरून रडत म्हणाले, "त्यांच्याबरोबर जाऊ दे रे. दुसऱ्या कोणाच्या झाडावर कशाला झोपवायचं त्यांना?" इतकी वर्षं चेष्टा करणाऱ्या माणसाने हाताशी असलेलं सगळ्यात चांगलं तेच त्यांना दिलं होतं.

मी खाली वाकलो. दोड्डप्पांच्या खांद्याखालून एक देठ बाहेर आला होता. लाल... कुंकू ओलं केल्यासारखा लाल. त्यावर दोरा शोधला. दिसला नाही. बोट फिरवलं तेव्हा गाठ लागली. डोळे तिच्यावर ठेवूनही मला ती दिसत नव्हती. त्यांच्या कानाशी तोंड नेलं, पण माणसं तिरडी उचलत होती. मला बाजूला व्हावं लागलं.

पामचा शेंडा गेला की ते खोड पुन्हा वाढत नाही. मुळाशी कधी कोंब येतो म्हणतात. मी रोज बघतो. आलेला नाही. गारठा अजून आहे, म्हणून संध्याकाळी मी न्हाणीघराशी जाऊन त्या तीन बुंध्यांवर कोट घालतो. तो आता सगळाच ढिला पडून जमिनीला टेकतो. मग आत येतो आणि पलंगाशी उभा राहतो. मशीनवर तेच लाल रीळ आहे. दोड्डम्मा कोणाला ते काढू देत नाही. दोऱ्याचं टोक सुईतून खाली लोंबतं आहे, पांढऱ्या कापडाच्या तुकड्यावर, आणि दारातूनसुद्धा दिसतं.