तेरेजाबाईंच्या बक्षिसाचा चौथा नियम

मंडळी, वाचनालयाच्या या फळ्यावर एरवी मी नाटकांविषयी खरडतो. आज डोकं ठिकाणावर नाही.

सकाळी फोंडाघाटला निघालो होतो. वाटेत आचऱ्याच्या शाळेत डोकावलो आणि तिथेच अडकलो, नेहमीसारखा. तालुक्याने यंदा बक्षीस ठेवलंय, घाबऱ्या, अबोल मुलांचं मन सांभाळणाऱ्या शिक्षकाला. म्हटलं, हे तर आमच्या तेरेजाबाईंचंच! अर्ज भरायला मीच बसलो.

चौथा नियम वाचला आणि सुन्न झालो. बऱ्या झालेल्या तीन मुलांची नावं, गावं आणि 'मनाचा विकार' लिहायचा. समारंभात ते सगळं मोठ्याने वाचणार!

तरी मी मूर्खासारखा बोललो, "बाई, वर्गात किंचाळत उठायची त्या मुलीचं नाव घालूया?"

बाईंनी अर्ज ओढूनच घेतला. "अरे मेल्या, उद्या तिका बघूक येतली ती माणसा काय म्हणतली? पोरांनी माका कानात सांगलेला मी सभेत वाचूक देऊ? बक्षीस गेला चुलीत!"

चौथीत मीसुद्धा वर्षभर वर्गात तोंड उघडलं नव्हतं. बाई रोज माझ्यापुढे पाटी ठेवायच्या, 'बोल' असं कधी म्हणाल्या नाहीत. आजवर बाईंनी ते कुणाला सांगितलंही नाही.

"मग माझं नाव लिहा," मी म्हटलं.

"आणि बाकीची दोन खंयसून हाडतलस?"

खरंच, दोन नावं कुठून आणणार होतो! मंडळी, नावं मला नकोतच. हा नियम काढा, असं तालुक्याला लिहितोय. खाली सही कोण कोण करणार?