चिकू वर का जातो

मी प्रोग्रॅमिंग शिकले ते रागाच्या भरात. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही, कारण विचारणाऱ्या प्रत्येकाला मी याहून शोभणारं काहीतरी सांगत आले. मुख्याध्यापकांना सांगितलं, मुलांना गणिताची गोडी लागावी म्हणून. शेजारणीला सांगितलं, पन्नाशीनंतर डोकं चालतं राहावं म्हणून. पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलीला सांगितलं, ऑनलाइन कामं माझी मला करता यावीत म्हणून. ती म्हणाली, "आई, त्याला प्रोग्रॅमिंग लागत नाही गं." मी विषय बदलला.

खरं कारण आमच्या घरी सोफ्याच्या डाव्या कोपऱ्यात बसायचं.

माझा नवरा रेल्वेत, सिग्नलच्या खात्यात. दिवसभर लाल-हिरवे दिवे नीट चालतात की नाही ते बघायचं आणि घरी येऊन मोबाइलवर लाल-हिरवे खडे जुळवायचे, असा त्याचा दिनक्रम. एकाच रंगाचे तीन खडे एका रेषेत आले की ते फुटतात, पैंजणासारखा आवाज येतो आणि पुढची पातळी उघडते. दोन हजारांच्या पुढच्या कुठल्यातरी पातळीवर तो होता. एवढ्या पातळ्या चढलेला माणूस खाली आमच्यात कधी येणार, हा प्रश्न होता.

एकदा संध्याकाळी मी मुद्दाम परीक्षा घेतली. म्हटलं, "अहो, मी उद्यापासून अच्छाडला जातेय. ट्रक चालवायला."

"बरं," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "डबा नेशील ना?"

मी संतापले. म्हटलं, त्या खेळात आहे तरी काय एवढं? तीन खडे ओळीत लावायचे. असला खेळ कुणीही बनवेल.

आता मात्र त्याने मान वर केली. "मग बनव ना," म्हणाला आणि हसला. हसणं वाईट नव्हतं खरं तर, मजेचंच होतं. पण मी गणिताची शिक्षिका आहे. जमणार नाही असं गृहीत धरून कुणी हसलं की मला झोंबतं. एरवी ते हसणं मी मुलांना हसत असते.

माझी शाळा तलासरीजवळ. डहाणूहून रोजची ये-जा, कधी एसटी, कधी वडाप जीप. तलासरी नाक्यावर मोबाइलच्या दुकानावर एक शनिवार-रविवारचा कॉम्प्युटर क्लास आहे, त्याची पाटी मी अनेक वर्षं नुसतीच वाचत होते. पुढच्या शनिवारी शाळा सुटल्यावर जिना चढले. क्लास चालवणाऱ्या मॅडम पस्तिशीच्या, शांत, बोलताना समोरच्याच्या वयाचं अजिबात दडपण न घेणाऱ्या. त्यांनी फॉर्म पुढे केला. नाव, पत्ता, शिक्षण, आणि शेवटी एक रकाना: शिकण्याचा हेतू.

मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, "ग्रामीण भागातील विद्यार्थ्यांमध्ये गणिताविषयी आवड निर्माण करणे."

शेजारच्या खुर्चीवर एक गृहस्थ त्याच रकान्यापाशी अडले होते. वयाने माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठे, अच्छाडला, गुजरात सीमेवरच्या चेकपोस्टजवळ, हायवेवर त्यांचा धाबा. घरी गुजराती, गिऱ्हाइकांशी हिंदी, आणि आमच्याशी या सगळ्यांतून निघालेली मराठी. त्यांनी माझ्या फॉर्ममध्ये डोकावून बघितलं.

"बेन, एवढं मोठं लिहायचं काय?"

"तुमचा जो हेतू असेल तो लिहा," मी म्हटलं.

त्यांनी लिहिलं, "टाइमपास."

मॅडमनी दोन्ही फॉर्म वाचले. मला वाटलं, आता कौतुक होईल. त्या म्हणाल्या, "काका टिकतील." मग माझ्याकडे बघून जरा सावरून घेत म्हणाल्या, "तसं काही नाही मॅडम, पण मोठा हेतू लिहिणारे बहुतेक तिसऱ्या आठवड्यात गळतात. म्हणून म्हटलं."

काकांचा टाइमपास अगदीच बिनबुडाचा नव्हता. त्यांच्याकडचे ट्रकवाले जेवण येईपर्यंत मोबाइल बघत बसायचे. "बघायचाच आहे तर माझा गेम बघा ना," असं त्यांचं म्हणणं. पुढे काय, ते त्यांनी ठरवलं नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात मी खरोखर गळायच्या बेताला आले. मी मुलांना पायऱ्यांचे गुण देते. उत्तर चुकलं तरी रीत बरोबर असेल तर पाचातले तीन मिळतात. कॉम्प्युटर असलं काही मानत नाही. चाळीस ओळी बरोबर लिहा आणि एक कंस बंद करायला विसरा, तो सगळ्यावर लाल रेघ मारून मोकळा होतो. कंस कुठला तेही धड सांगत नाही. भलत्याच ओळीकडे बोट दाखवतो. अशा वेळी आपल्या वर्गातल्या मुलांना काय वाटत असेल, असा विचार माझ्या मनात आला. फार वेळ टिकू दिला नाही.

त्या शुक्रवारी मी घरी जाहीर करणार होते की जमत नाही. एवढ्यात सोफ्यावरून प्रश्न आला, "काय, झाला का गेम?" आणि त्यामागून खडे फुटल्याचा आवाज. शनिवारी मी क्लासला दहा मिनिटं आधी पोचले.

माझा खेळ असा होता: वरून चिकू पडणार, खाली टोपली, टोपली डावी-उजवीकडे सरकवून चिकू झेलायचे. चिकू निवडण्यामागे डहाणूचा अभिमान वगैरे काही नव्हतं. मला स्क्रीनवर फक्त गोल काढता येत होता. गोलाला तपकिरी रंग दिला की चिकू झाला. पिवळा रंग दिला असता तर लिंबू झालं असतं, पण झेलायला चिकू बरा वाटला.

एका रविवारी सकाळी क्लासमध्ये मी चिकूला हलायला लावलं. बटण दाबलं आणि चिकू सरळ वर गेला. वरच्या कडेतून बाहेर गेला आणि नाहीसा झाला. पुन्हा केलं. पुन्हा वर. कोडमधली प्रत्येक ओळ तपासली. कंस सगळे बंद होते. गणित चोख होतं. खाली यायचं तर आलेखातला वाय कमी व्हायला हवा, म्हणून मी प्रत्येक क्षणाला वायमधून पाच वजा करत होते. पंचवीस वर्षं फळ्यावर हेच शिकवलं आहे.

दोन तास झगडून शेवटी मॅडमना बोलावलं. त्यांनी एक नजर टाकली.

"मॅडम, स्क्रीनवर शून्य वरच्या कोपऱ्यात असतं. खाली आलं की वाय वाढतो."

"असं कोण म्हणतं?"

"सगळेच."

"नववीचं पुस्तक नाही म्हणत."

धाबेवाले काका खुर्ची सरकवत आले आणि माझ्या उडत्या चिकूकडे कौतुकाने बघत राहिले. "बेन, राहू द्या ना वर. टोपली वर बांधा."

मी वजाचं अधिक केलं. चिकू खाली पडला. टोपलीत नाही, शेजारी पडला, पण पडला. मी खुर्चीतून उठून उभी राहिले आणि मग उभं राहण्यासारखं काही घडलेलं नाही हे लक्षात येऊन पंखा मोठा केला. परत बसताना जाणवलं की सकाळपासून मला नवऱ्याची एकदाही आठवण झाली नव्हती. राग कुठेतरी राहून गेला होता, वडाप जीपमध्ये छत्री राहते तसा. त्याच्यावाचून काम अडत नव्हतं.

त्यानंतर घरात थोडी उलथापालथ झाली. मुलीचा जुना लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर कायमचा राहायला आला. एका संध्याकाळी नवरा काहीतरी विचारत होता आणि मी "हं, हं" करत होते. शेवटी तो जवळ येऊन उभा राहिला.

"अगं, मी विचारतोय, भाजी कुठली करू?"

"कर ना कुठलीही. टोपलीची रुंदी चुकतेय."

त्याने मुकाट्याने दुधी चिरायला घेतला. हा माणूस दुधी चिरतो हे मला लग्नाला सत्तावीस वर्षं होऊन माहीत नव्हतं.

तीन महिने संपले तेव्हा शेवटच्या रविवारी सगळ्यांनी आपापले खेळ दाखवले. काकांच्या खेळात एक ट्रक चेकपोस्टच्या रांगेत उभा होता. पुढे सात ट्रक. आपण काहीही दाबलं तरी रांग हलत नव्हती. स्क्रीनवर बोट टेकवलं की ड्रायव्हर चहा प्यायचा. पाच चहांनंतर रांग एका ट्रकने पुढे सरकायची. काकांनी तो आधीच धाब्यावर दाखवून पाहिला होता.

"मग? आवडला का ड्रायव्हरांना?" मॅडमनी विचारलं.

"शिव्या दिल्या," काका खुशीत म्हणाले. "पण चहा लई मागवला."

त्याच दिवशी दुपारी मी घरी लॅपटॉप नवऱ्यापुढे ठेवला. तीन महिने पाठ केलेलं एक वाक्य होतं, ते गिळलं. त्याने चष्मा लावला, खेळ सुरू केला आणि अकरा चिकूंवर बाद झाला. परत खेळला. नऊ. परत खेळला. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच डबे पुसत बसले, म्हणजे चेहरा दिसू नये.

"छान आहे गं," तो बाहेरून म्हणाला. मग म्हणाला, "पण चिकू असे पडत नाहीत."

मी फडकं हातात घेऊनच बाहेर आले. "म्हणजे?"

"चिकू झाडावर पिकून टपाटपा पडतो असं वाटलं का तुला? तो तोडावा लागतो. तयार झालेलाच तोडायचा. घरी आणून मग पिकवायचा."

त्याच्या काकांची घोलवडकडे चिकूची वाडी होती आणि लहानपणी सुट्टीभर तो तिथे असायचा, एवढं मला माहीत होतं. त्यापलीकडचं त्या दुपारी पहिल्यांदा कळलं. तयार चिकू ओळखायचा कसा, त्याच्या अंगावरची भुकटी कशी झडते, नखाने साल जरा खरवडली की आत हिरवं दिसलं तर हात लावायचा नाही आणि पिवळसर दिसलं तर घ्यायचा. लांब काठीला जाळी लावून तोडतात, काठी वळवायची एक लकब असते. हा माणूस बोलतच राहिला. उठून झाडू घेतला आणि काठी कशी वळवतात ते दाखवलं. ट्यूबलाइटला झाडू लागला. मोबाइल सोफ्यावर उताणा पडून पैंजण वाजवत होता, त्याने बघितलंही नाही.

मी वही घेतली आणि लिहीत गेले. जर साल हिरवी, तर सोडा. जर पिवळी, तर तोडा. जर-तर मला एव्हाना येत होतं.

पुढचे काही रविवार आम्ही दोघं टेबलाशी बसलो. चिकू आता पडेनात, फांदीवर लटकू लागले. बोटाने खरवडायचं, रंग बघायचा, मगच तोडायचा आणि खाली टोपली पळवत नेऊन झेलायचा. नवरा फार कटकट्या निघाला. हिरवा जास्त पोपटी झाला, फांदी फार सरळ आहे, पानं कुठायत. मी एकदा म्हटलं, "तुम्हीच करा मग." तो म्हणाला, "मला कुठे येतं?" हे वाक्य ऐकायला मी तीन महिने क्लासला गेले होते, आणि आलं तेव्हा मी त्याने मागितलेलं पान रंगवण्यात गुंतले होते.

शाळेत खेळ दाखवायची वेळ आली, कारण मुख्याध्यापकांना मी शब्द देऊन बसले होते. त्याआधी म्हटलं, कुणीतरी परकं खेळून बघावं. आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या ताई जवळच्याच पाड्यावरच्या. नवरा-बायको दोघंही हंगामात डहाणूकडच्या वाड्यांवर चिकू तोडायला जातात. खिचडीचं पातेलं घासून झालं तेव्हा मी त्यांना स्टाफरूममध्ये बोलावलं. त्यांनी पदराला हात पुसले आणि एका बोटाने खेळायला लागल्या. एकही हिरवा चिकू तोडला नाही. नवऱ्याचा विक्रम दोन मिनिटांत मागे पडला. तीस, चाळीस, साठ.

मग त्या हसायला लागल्या.

"काय झालं ताई?"

"बाई, तुमची टोपली जड होतच नाय."

"म्हणजे?"

"साठ चिकू झाले. तरी मघासारखीच पळते ती. आमची अशी पळली असती तर..." पुढचं त्यांनी सांगितलं नाही. पुन्हा हसल्या आणि भांडी आत ठेवायला गेल्या.

मी संध्याकाळी घरी येऊन लॅपटॉप उघडला. नवऱ्याने विचारलं, आता काय राहिलं? मी सांगितलं, टोपली जड करायचीय. जितके चिकू जास्त, तितकी ती हळू सरकणार. आणि हे कुणी सुचवलं तेही सांगितलं.

"बरोबर आहे त्यांचं," तो म्हणाला. "टोपल्या उचलायला वेगळी माणसं असायची. आम्ही नुसते काठी घेऊन मिरवायचो."

एका ओळीचं काम होतं. टोपलीच्या वेगातून चिकूंची संख्या वजा केली, वजाच ठेवलं, अधिक केलं नाही. नवऱ्याने खेळून पाहिलं. पंचवीस चिकू झाल्यावर टोपली बैलगाडीच्या चालीने निघाली आणि दोन उत्तम पिवळे चिकू त्याच्या डोळ्यांदेखत खाली पडून फुटले.

"लॅपटॉप स्लो झालाय हा," तो म्हणाला.

"लॅपटॉप ठीक आहे."

"नाही, बघ तू. नवीन घ्यायला हवा," म्हणत त्याने खुर्ची पुढे ओढली आणि पुन्हा सुरुवात केली.